खोटी सी ड्राइव्ह

कुल्डीगात फेब्रुवारीत पाचलाच दिवे लागतात.
दुकान आवरत होतो, तेव्हा आउस्मा स्ट्राउतमाने आली,
पिशवीत दोन लॅपटॉप:
एक मेलेला,
एक पुतण्यानं लीड्सहून धाडलेला, झाकणावर पेंग्विन.
"यातलं काढ, त्यात घाल," म्हणाली,
काकड्यांचं लोणचं एका बरणीतून दुसरीत घालावं
तसं.

काढायचं ते एवढंच:
हातमोज्यांच्या नक्ष्या आखणारा एक प्रोग्राम,
सत्त्याण्णवचा.
काडेपेटीचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
विल्निसनं लिहिला होता, गावातल्या सहा जणींसाठी.
त्यातल्या चौघी गेल्या. विल्निसही गेला.
प्रोग्रामला हे कुणी कळवलेलं नाही.

नव्या ठिकाणी डोळे उघडल्या उघडल्या
तो विचारतो, सी कुठाय?
इथं सी नाही.
इथं सगळं एकाच मुळातून फुटतं,
आणि तिरक्या रेघासुद्धा
उलट्या बाजूला कलतात.

म्हणून मध्ये एक दुभाषा बसवला.
तो सोंग घेत नाही, हे मला दर गिऱ्हाइकाला सांगावं लागतं.
तो नुसता ऐकतो
आणि तेच दुसऱ्या भाषेत मागून आणतो:
एक खिडकी हवी, एवढी रुंद.
माउस कुठं पोचलाय बघा.
मग वळून, शांतपणे:
आहे ना सी. तुझीच आहे.

पहिल्या रात्री नुसती काळी चौकट.
दुसऱ्या रात्री एका फाइलीसाठी अडून बसला,
तीन अक्षरी आडनावाची, विल्निसच्याच हातची.
मेलेल्या लॅपटॉपची डिस्क अजून कुरकुरत होती,
तिच्यातून ओढून काढली.
तिसऱ्या रात्री उघडला.
पण ज्या ज्या अक्षरावर आडवी रेघ हवी
तिथं तिथं प्रश्नचिन्ह.
माराचा क्रूस, त्यातली मारा मधोमध खोडलेली.
बाराशे सत्तावन्न नंबरचं अक्षरपान शोधून लावलं
तेव्हा कुठं बाई परत आली.

आउस्मा एका बोटानं काम करते.
पहाटताऱ्याचे आठ कोन, चौकट चौकट मोजून.
तिच्या नावाचाही अर्थ पहाट,
पण ते तिनं नाही सांगितलं, मला माहीत आहे.
जपून ठेवायला गेली तर प्रोग्राम म्हणाला,
फ्लॉपी घाला.
एका रिकाम्या फोल्डरला मी फ्लॉपीचं नाव देऊन ठेवलं होतं,
त्याला तेवढ्यानं भागलं.
तिचा अंगठा मात्र लॅपटॉपच्या कडेवर
खाच शोधत राहिला थोडा वेळ.

"याला माहीत आहे का?"
काय?
"की हे त्याचं घर नाही."
मी म्हटलं, तो तसं विचारतच नाही.
ती हसली. "विल्निसपण असाच.
सहा वर्षं रीगात काढली,
तरी त्याला पाठ कुल्डीगाच्या बसच्या वेळा.
रीगाच्या ट्रॅममध्ये रोज चुकायचा."

प्रिंटर नाही तिथं त्याला प्रिंटर आहे म्हणून सांगितलं,
कागद माझ्याकडच्या खऱ्यातून निघाला.
तारा नीट. एक टाका इकडे तिकडे नाही.
खाली बारीक अक्षरात तारीख:
बारा फेब्रुवारी, एकोणीसशे चोवीस.

लाजलोच. दोन आकडी साल,
पुढचं एकोणीस विल्निसनं कायमचं धरून ठेवलेलं.
शंभर वर्षांची चूक आहे, म्हटलं,
एका ओळीचं काम, उद्या करून देतो.
तिनं चष्मा चढवला, कागद दिव्याजवळ नेला.
"आईचं साल आहे हे," म्हणाली. "राहू दे."

कागदाची घडी घातली, पेंग्विन काखेत घेतला,
पुलाच्या दिशेनं बर्फावरून गेली, पाय आडवे टाकत.
मेलेला लॅपटॉप माझ्याच टेबलावर राहिला.

मी बिलाची प्रत फाइलीत लावायला घेतली.
तारखेच्या जागी पेन
थोडं थांबलं.